हुमानो : संगमावरचे मळे आणि बायसनचा माळ

१/
अमेरिका खंडातील मूलनिवासी समाज म्हटले की आपल्याकडे अपाची, कोमांची, सू, चेरोकी ही नावे चटकन आठवतात. हुमानो हे नाव त्या यादीत सहसा नसते. वास्तविक सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची शंभर-सव्वाशे वर्षे आजच्या पश्चिम टेक्सासमध्ये शिरलेल्या स्पॅनिश लोकांना वाट दाखवणारे, भाषांतर करून देणारे आणि अन्न पुरवणारे लोक बहुधा हेच होते. अठराव्या शतकात हे नाव विरळ होत गेले आणि अखेर कागदपत्रांतून नाहीसे झाले.

त्यांचे परंपरागत जीवन कसे होते आणि त्या जीवनाची घडी कशामुळे विस्कटली, याविषयी हा थ्रेड. (स्पॅनिश उच्चार ‘हुमानो’. इंग्रजी वर्णांवरून ‘जुमानो’ असेही वाचले जाते.)

२/
आधी भूगोल, कारण या कथेतील निम्मी गुंतागुंत तोच सोडवतो.

मेक्सिकोच्या सिएरा माद्रे पर्वतात उगम पावणारी कोंचोस नदी ईशान्येकडे वाहत येऊन रिओ ग्रांदेला मिळते. आज संगमाच्या एका बाजूला टेक्सासमधील प्रेसिदिओ हे गाव आहे आणि दुसऱ्या बाजूला मेक्सिकोतील ओहिनागा. स्पॅनिश लोक या परिसराला ‘ला हुंता दे लोस रिओस’ म्हणजे नद्यांचा संगम म्हणत. भोवती चिवावाचे वाळवंट. वर्षाचा पाऊस जेमतेम २५० मिलिमीटर, आणि तोही बहुतांश उन्हाळ्याच्या उत्तरार्धात.

संगमापासून ईशान्येला डोंगर ओलांडले की पेकोस नदी लागते, आणि तिच्या पलीकडे गवताळ माळ सुरू होतो. त्या माळावर बायसनचे कळप चरत. हुमानोंचे आयुष्य या दोन टोकांच्या मध्ये पसरलेले होते.

३/
संगमावरची शेती पावसावर नव्हे, पुरावर चाले. सिएरा माद्रेत पाऊस झाला की कोंचोसला पूर येई, आणि पाणी ओसरल्यावर काठांवर व नदीतल्या बेटांवर ओला गाळ उरे. त्या ओलीवर मका, घेवडा आणि भोपळा पेरला जाई. सगळी भिस्त पुरावर. तो आला नाही तर पीक नाही, आणि अवेळी आला तर उभे पीक वाहून जाणार.

त्यामुळे नुसत्या शेतीवर विसंबून राहणे त्या भूमीत शक्यच नव्हते. नदीतले मासे, निवडुंगाची बोंडे, मेस्किटच्या शेंगांचे पीठ आणि अगेव्हचे भाजलेले गड्डे ही अन्नाची दुसरी फळी होती. अगेव्हची पाने छाटून आतला गड्डा तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात पुरत आणि भरपूर वेळ भाजत. तो गोड होई, वाळवून ठेवता येई आणि प्रवासात टिके.

(जाता जाता : अगेव्हच्या जाती म्हणजे आपल्या बांधांवरची घायपात, आणि ही बोंडे देणारा निवडुंग म्हणजे आपल्या फड्या निवडुंगाचा भाऊबंद. दोन्ही वनस्पती भारतात आल्या त्या अमेरिकेतूनच. महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात वाढलेल्या वाचकाला ला हुंताचा परिसर फारसा परका वाटणार नाही.)

४/
घरे अर्धी जमिनीखाली आणि अर्धी वर. आयताकृती खड्डा खणायचा, त्यात लाकडी खांब रोवायचे, काटक्यांच्या कुडाच्या भिंती उभारून त्या चिखलाने लिंपायच्या आणि वर सपाट धाबे घालायचे. उन्हाळ्याच्या तापात आणि वाळवंटी रात्रीच्या थंडीत जमिनीत उतरलेले घर सुखाचे. प्रेसिदिओजवळच्या उत्खननांत अशा घरांच्या जमिनी सापडल्या आहेत, आणि तिथली वस्ती साधारण इ. स. १२०० पासूनची असल्याचे पुरातत्त्वज्ञ मानतात. म्हणजे पहिला युरोपीय माणूस तिथे पोचला तेव्हा ही गावे तीनशे वर्षांची जुनी होती.

५/
तो पहिला युरोपीय म्हणजे आल्वार नून्येस काबेसा दे व्हाका. १५२८ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर फुटक्या तराफ्यांतून वाहत आलेल्या स्पॅनिश तुकडीतील चारच जण अखेर वाचले : तो स्वतः, आंद्रेस दोरांतेस, आलोन्सो देल कास्तियो आणि एस्तेबानिको हा उत्तर आफ्रिकेतून आणलेला कृष्णवर्णीय गुलाम. अनेक वर्षे किनाऱ्यावरच्या लोकांत काढून ते पायी पश्चिमेकडे निघाले. १५३५ च्या सुमारास ज्या नदीकाठच्या गावांत ते पोचले, ती बहुतेक अभ्यासकांच्या मते ला हुंताचीच.

काबेसा दे व्हाकाने त्या लोकांना ‘गायींचे लोक’ म्हटले. गायी म्हणजे बायसन. युरोपीय डोळ्यांना त्या प्राण्यासाठी दुसरा शब्दच सुचत नव्हता.

६/
त्याच्या वृत्तांतातील दोन गोष्टी इथे महत्त्वाच्या आहेत.

पहिली स्वयंपाकाची. त्यांच्याकडे मातीची भांडी त्याला दिसली नाहीत. मोठ्या तुंब्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरत, विस्तवात दगड लाल होईपर्यंत तापवत, लाकडी चिमट्याने ते एकेक करून पाण्यात सोडत आणि पाणी उकळू लागले की त्यात शिजवायचे ते टाकत. दगड निवला की तो काढून दुसरा. सतत फिरतीवर असलेल्या माणसाला मडक्याचे ओझे परवडत नाही. तुंबा हलका, आणि दगड तर सगळीकडे मिळतात.

दुसरी गोष्ट पेरणीची. यंदा मका का पेरला नाही, असे त्याने विचारले. उत्तर मिळाले : सलग दोन वर्षे पाऊस नाही, बियाणे वाया घालवायचे नाही. तुम्ही आभाळाला सांगून पाऊस पाडा, अशी गळही त्यांनी या पाहुण्यांना घातली.

बियाणे न पेरता राखून ठेवणे हा दुष्काळाचा फार जुना अनुभव असलेल्या शेतकऱ्याचा निर्णय आहे. आणि तो ज्यांना घेता येतो, त्यांच्याकडे पोट भरण्याचा दुसरा मार्ग असावा लागतो. तो दुसरा मार्ग माळावर होता.

७/
हुमानो हे नाव कागदावर येते ते १५८२-८३ च्या अंतोनिओ दे एस्पेहोच्या मोहिमेत. ला हुंताला पोचल्यावर तिथल्या लोकांनी त्याला सांगितले की फार पूर्वी तीन ख्रिस्ती आणि एक काळा माणूस इथून गेले होते. मध्ये जवळपास ४७ वर्षे लोटली होती. लेखन नसलेल्या समाजाची स्मृती किती काटेकोर असू शकते याचे हे उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. माणसांची संख्या आणि रंग दोन्ही अचूक.

या लोकांना स्पॅनिश लोक ‘पाताराबुयेस’ असेही म्हणत, असे एस्पेहो नोंदवतो. त्याच्याच मोहिमेतील दिएगो पेरेस दे लुहान या रोजनिशीकाराने त्या नावाचा उगम सांगितला आहे : गुलाम पकडण्यासाठी आलेल्या शिपायांनी ते रचले. दक्षिणेला सांता बार्बाराच्या परिसरात चांदीच्या खाणी सुरू झाल्या होत्या, खाणींना मजूर हवे होते, आणि मजूर मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे उत्तरेकडच्या गावांवर धाड घालणे. एस्पेहोची माणसे आली तेव्हा गावकरी आधी बिथरले होते, त्याचे कारण हेच.

८/
हे लोक दिसायला कसे होते? सर्व स्पॅनिश निरीक्षकांच्या नजरेत प्रथम भरले ते चेहऱ्यावरचे पट्टे. रंगवलेले किंवा गोंदलेले. पुरुष केस आखूड कापत, मात्र एक लांब बट राखत आणि तिला पक्ष्यांची पिसे बांधत. अंगावर कमावलेली कातडी. हाती धनुष्य. हे धनुष्य लुहानला तुर्की धनुष्यासारखे वाटले, कारण ते बाहेरून मजबूत केलेले आणि कमालीचे ताठ होते. प्रत्यंचा बायसनच्या स्नायुतंतूंची.

चेहऱ्यावरच्या या पट्ट्यांनी पुढे इतिहासकारांची बरीच पंचाईत केली. तो भाग नंतर.

९/
परतताना एस्पेहो पेकोस नदीच्या काठाने दक्षिणेकडे येत होता. नदी त्याला नेमकी कुठे नेणार हे त्याला ठाऊक नव्हते. १५८३ च्या ऑगस्टमध्ये त्याला शिकारीला आलेले हुमानो भेटले. ही नदी कोंचोसच्या संगमाला जात नाही, फार खाली जाऊन मिळते, हे त्यांनी सांगितले आणि डोंगरांतून ला हुंताकडे जाणारी जवळची वाट दाखवली. वाटेत त्यांच्या तळावर मासे, भोपळे आणि निवडुंगाची बोंडे देऊन स्वागत झाले.

म्हणजे एकाच वर्षात एस्पेहोला एकाच नावाचे लोक दोन ठिकाणी भेटले : संगमावर धाब्याच्या घरांत आणि पेकोसकाठी शिकारीच्या तळावर. आणि दुसऱ्या ठिकाणच्या लोकांना पहिल्या ठिकाणची वाट पाठ होती.

१०/
हा सगळा प्रवास वर्षभराच्या चक्रात बसवून पाहिला की चित्र स्पष्ट होते. ते चक्र सर्वांत नेमके टिपले आहे दामियान मास्सानेत या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने, १६९१ मध्ये. मध्य टेक्सासमधील ग्वादालुपे नदीच्या परिसरात त्याला हुमानो आणि त्यांच्या मित्रजमातींचा प्रचंड तळ भेटला. त्याने लिहिले ते थोडक्यात असे : यांची घरे रिओ ग्रांदेकाठी, स्वतःच्या मुलखात बायसन नाहीत म्हणून हे दरवर्षी इकडे येतात, शिकार करतात, कातडी घेतात, कधी कधी पार तेहास लोकांपर्यंत जातात, आणि थंडी पडू लागली की घरी परततात.

तेहास म्हणजे पूर्व टेक्सासच्या अरण्यातील हासिनाय लोक. त्यांच्याच नावावरून आजच्या राज्याचे नाव पडले. संगमापासून त्यांची गावे सरळ रेषेत मोजली तरी ९०० किलोमीटरांहून दूर.

११/
माळावरचे राहणे म्हणजे कातड्याचे तंबू आणि पाण्याच्या मागे मागे फिरणे. बायसन हे एकट्या मांसासाठी मारायचे जनावर नव्हते. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवत. कातड्याचे तंबू, पांघरुणे, जोडे, ढाली आणि दोरखंड होत. स्नायूंचा दोरा होई. झाडे नसलेल्या माळावर वाळलेले शेण जळणाला उपयोगी पडे. (गोवऱ्यांवर चूल पेटवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.)

कातडे कमावणे हे वेळखाऊ आणि कष्टाचे काम. ताणून बांधायचे, आतली चरबी व मांस खरवडायचे, जनावराचा मेंदू चोळून मऊ करायचे, पुन्हा ओढायचे आणि चोळायचे. मैदानी प्रदेशातील समाजांत हे काम प्रामुख्याने बायकांकडे असे. स्पॅनिश कागदपत्रांत कातड्यांचे आकडे वारंवार येतात. ती कमावणारे हात मात्र त्या कागदपत्रांत जवळजवळ दिसत नाहीत.

१२/
आता व्यापार. हुमानोंचे खरे सामर्थ्य इथेच होते.

संगमावर मका, पण बायसन नाहीत. माळावर बायसन, पण मका नाही. वायव्येला न्यू मेक्सिकोची प्वेब्लो गावे होती. तिथे मका, मीठ आणि कापडही होते, हवी होती कातडी. पूर्वेला हासिनायांची समृद्ध शेती. दक्षिणेला, पुढच्या काळात, पारालच्या खाणी आणि तिथले स्पॅनिश जिन्नस. या प्रत्येक टोकाला दुसऱ्या टोकाकडचे काहीतरी लागत असे, आणि सगळ्या टोकांच्या मधल्या वाटा, पाणवठे, तिथल्या लोकांच्या खाणाखुणा ठाऊक असलेले लोक म्हणजे हुमानो.

मीठ, पिनिऑनच्या बिया, मका, वाळवलेला भोपळा, कातडी, पिसे आणि नंतर घोडे असा हा माल होता. त्याला जोड आणखी एका मालाची : बातमी. ती वाहून न्यायला ओझे लागत नाही आणि तिचे मोल कधी कधी घोड्याहून अधिक असते.

१३/
न्यू मेक्सिकोतील एका मोठ्या प्वेब्लोला स्पॅनिश लोक ‘लास हुमानास’ म्हणत. आजचे ग्रान किविरा अवशेष ते हेच. हुमानोंचा तिथे राबता असे, आणि नावही त्याचीच साक्ष देते.

१६२९ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० हुमानो इस्लेता या प्वेब्लोतील मठात आले आणि आमच्याकडे धर्मोपदेशक पाठवा अशी मागणी त्यांनी केली. अशा खेपा त्यापूर्वीही झाल्या होत्या. या वेळी त्यांनी सांगितले की निळ्या वस्त्रातील एका तरुण स्त्रीने आमच्याकडे येऊन आम्हाला हे करायला सांगितले. हीच ‘निळ्या वस्त्रातील स्त्री’ची प्रसिद्ध आख्यायिका. स्पेनमधील आग्रेदा येथील मारिया दे हेसूस या जोगिणीशी तिचे नाते जोडले गेले. ती स्वतः आयुष्यात कधी स्पेनबाहेर गेली नव्हती.

१४/
आख्यायिका रंजक आहे म्हणून बहुतेक लोक तिथेच थांबतात. पण ज्या आलोन्सो दे बेनाविदेसने ती जगाला सांगितली, त्याच्याच मजकुरात एक वेगळी ओळ आहे. हुमानो त्या काळी जिथे तळ देऊन होते तिथली तळी आटत होती आणि बायसन दूर गेले होते. बेनाविदेसच्या मते हे सैतानाचे कारस्थान. साध्या वाचकाच्या दृष्टीने हा दुष्काळ.

शेजारी अपाची टोळ्यांचा दाब वाढत होता, पाणी कमी होत होते, आणि स्पॅनिश लोकांशी सख्य म्हणजे शस्त्रांचे पाठबळ व व्यापाराची हमी. स्पॅनिश माणूस कुठल्या शब्दाला हलतो, हे दूरदूरच्या लोकांशी बोलण्यात मुरलेल्या हुमानोंनी तोवर चांगले ओळखले होते. त्यांची श्रद्धा खोटी होती असा याचा अर्थ नाही. श्रद्धा आणि मुत्सद्देगिरी एका माणसात सुखाने नांदतात.

१५/
स्पॅनिश लोक माळावर आले खरे, पण त्यांच्या ओढीचे कारण वेगळे होते. १६५० मध्ये एर्नान मार्तिन आणि दिएगो देल कास्तियो यांच्या तुकडीने हुमानोंच्या मुलखात अनेक महिने मुक्काम केला. तिथल्या नदीतल्या शिंपल्यांत मोती सापडले आणि त्यांचे नमुने थेट मेक्सिकोच्या व्हाइसरॉयकडे गेले. १६५४ मध्ये दिएगो दे ग्वादालाहारा आणखी शिपाई घेऊन आला. तो परतला तो प्रामुख्याने कातड्यांचे गठ्ठे घेऊन. टेक्सासमधील सॅन अँजेलोजवळून वाहणाऱ्या या नदीला आज ‘काँचो’ म्हणतात, म्हणजे शिंपला. संगमाला मिळणारी मेक्सिकोतील कोंचोस वेगळी. दोघींच्या नावांमुळे बराच गोंधळ होतो.

१६/
सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यापाराच्या जाळ्याचे धागे एकेक करून तुटू लागले.

१६६८ मध्ये न्यू मेक्सिकोत भीषण दुष्काळ पडला. एकट्या लास हुमानासमध्ये ४५० हून अधिक माणसे उपासमारीने मेली, असे दुसऱ्या वर्षी लिहिलेल्या एका पत्रात नोंदले आहे. १६७० च्या दशकात ते प्वेब्लो ओस पडले. १६८० मध्ये प्वेब्लो लोकांनी उठाव करून स्पॅनिश सत्तेला न्यू मेक्सिकोबाहेर हाकलले, आणि उरलेले स्पॅनिश एल पासोला येऊन राहिले. उत्तरेकडची बाजारपेठ मोडली. मधल्या माळावर घोड्यावर स्वार झालेले अपाची पसरत होते.

घोडे हुमानोंकडेही होते, पण दोघांची गरज वेगळी होती. अपाचींना घोडा धाडीसाठी आणि माळ व्यापण्यासाठी उपयोगी पडला. हुमानोंना माळ व्यापायचा नव्हता, त्यांना तो ओलांडता यायला हवा होता. वाटेवर जगणाऱ्यांना वाट सुरक्षित लागते.

१७/
या टप्प्यावर कागदपत्रांत एक माणूस ठळकपणे उभा राहतो : हुआन साबेआता. हुमानोंचा पुढारी. पारालला बाप्तिस्मा घेतलेला.

ऑक्टोबर १६८३ मध्ये तो एल पासोला गव्हर्नर दोमिंगो हिरोंसा पेत्रिस दे क्रुसाते याच्यापुढे उभा राहिला आणि त्याने सविस्तर जबानी दिली. आमच्याकडे धर्मोपदेशक पाठवा, अपाचींविरुद्ध मदत करा. आकाशातून उतरलेल्या क्रुसामुळे आम्हाला लढाईत विजय मिळाला. आमच्याशी सख्य असलेल्या जमाती तीसहून अधिक आहेत. आमचा व्यापार थेट तेहासच्या ‘महान राज्या’शी आहे.

या जबानीत निळ्या वस्त्रातील स्त्री नाही, पण रीत तीच आहे : आधी चमत्कार, मग मागणी, आणि मागणीच्या पोटात सबंध भूप्रदेशाची माहिती. साबेआताने सांगितलेली जमातींची यादी म्हणजे खरे तर एका व्यापारजाळ्याचा नकाशाच.

१८/
मोहीम निघाली. हुआन दोमिंगेस दे मेंदोसा तिचा सेनानी, फ्राय निकोलास लोपेस धर्मोपदेशक. डिसेंबर १६८३ मध्ये निघून ती ला हुंतावरून माळावर गेली. वाटेत मेंदोसा आणि साबेआता यांचे बिनसले. साबेआता कट करतो आहे असा मेंदोसाचा आरोप होता. साबेआता निघून गेला.

१६८४ च्या मार्चच्या मध्यापासून १ मेपर्यंत मोहिमेचा तळ ‘सान क्लेमेंते’ नावाच्या नदीवर होता. इतर जमाती येतील म्हणून वाट पाहणे चालू होते. या सुमारे सहा आठवड्यांत तळावर आणलेल्या मारलेल्या बायसनची मोजदाद झाली : ४,०३०. माळावर सोडून दिलेली जनावरे यात धरलेली नाहीत.

पुन्हा येतो, असे वचन देऊन मेंदोसा परतला. तो पुन्हा आला नाही. अपाचींविरुद्ध मदत मागणाऱ्यांच्या पदरात त्या मोहिमेतून काय पडले, हे या एका आकड्यावरून ज्याने त्याने ठरवावे.

१९/
दरम्यान टेक्सासच्या किनाऱ्यावर फ्रेंच उतरले. १६८५ मध्ये ला सालने तिथे वसाहत टाकली. १६८६ मध्ये त्याची माणसे हासिनायांच्या गावात पोचली, तेव्हा तिथे त्यांना घोडे, चांदीचे चमचे, नाणी, कपडे असा स्पॅनिश माल दिसला. जवळचे स्पॅनिश ठाणे शेकडो कोसांवर! तो माल तिथवर आणणारे वाटसरूही तिथेच भेटले. फ्रेंचांनी त्यांना ‘शूमान’ म्हटले. आनास्तास दुए या धर्मोपदेशकाने लिहून ठेवले आहे की त्यांनी गुडघे टेकून क्रुसाची खूण करून दाखवली, आणि आपण पाहिलेल्या एका चित्राची नक्कल काढली : क्रुसावरच्या मुलासाठी रडणारी मोठी बाई.

तेच हुमानो मग फ्रेंचांची बातमी उलट दिशेने स्पॅनिश अधिकाऱ्यांना पोचवत होते. १६८९ मध्ये साबेआताने पारालच्या अधिकाऱ्यांना फ्रेंच वसाहत नष्ट झाल्याचे सांगितले आणि पुराव्यादाखल फ्रेंच कागद व एका जहाजाचे चित्र पुढे केले. दोन साम्राज्यांच्या राजदरबारांना एकमेकांचा ठावठिकाणा लागत नव्हता, आणि दोन्हींकडची खबर या एका माणसाच्या हाती होती.

२०/
मास्सानेतला १६९१ मध्ये भेटलेल्या ग्वादालुपेच्या तळावर साबेआताही होता. लोक खोगीर आणि रिकिबी असलेल्या घोड्यांवर बसून आले होते. त्या तळाचे वर्णन वाचताना हा समाज अस्ताला चालला आहे असे मुळीच वाटत नाही. पण त्यानंतर लवकरच साबेआताचे नाव कागदांतून जाते, आणि अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हुमानोंचा उल्लेख वेगळ्याच संदर्भात येऊ लागतो. ज्या अपाचींविरुद्ध त्यांनी तीन पिढ्या मदत मागितली, त्यांच्याच सोबत. ‘हुमानो-अपाची’ असे जोडनाव रूढ होते.

याला पराभव म्हणावे की शहाणपण? युरोपीय रोगांनी लोकसंख्या घटली होती, माळ अपाचींच्या हाती होता आणि स्पॅनिश मदत कधीच आली नाही. अशा वेळी नवा सोयरा निवडणे ही हुमानोंची जुनीच रीत होती. फरक इतकाच की या वेळी सोयऱ्याच्या नावात त्यांचे नाव विरघळले. संगमावर जे राहिले ते मिशन आणि लष्करी ठाण्यांच्या जगात मिसळत गेले. १७६० च्या आसपास तिथे स्पॅनिश प्रेसिदिओ, म्हणजे लष्करी ठाणे, उभे राहिले. आजच्या गावाचे नाव त्याचाच अवशेष.

२१/
आता इतिहासकारांची पंचाईत. हुमानो नेमके कोण?

त्यांच्या भाषेचे अगदी मोजके शब्द उरले आहेत. तेवढ्यावरून कार्ल सावरने ती उतो-अस्तेकन कुळातील ठरवली, जॅक फोर्ब्सने अथापास्कन, तर नॅन्सी हिकरसनने तानोअन. १९४० मध्ये फ्रान्स शोल्स आणि एच. पी. मेरा यांनी सुचवले की स्पॅनिश लोक हे नाव सरसकट चेहरा रंगवलेल्या वा गोंदलेल्या लोकांना लावत असत. अठराव्या शतकात न्यू मेक्सिकोतील स्पॅनिश लोक उत्तरेकडच्या विचिता जमातींनाही ‘हुमानेस’ म्हणत, कारण त्याही गोंदून घेत. म्हणजे एकच नाव शेतकरी, शिकारी, प्वेब्लो आणि विचिता अशा चौघांच्या माथी.

जे. चार्ल्स केली या पुरातत्त्वज्ञाने मात्र ला हुंताच्या पुराव्यावरून दोन समाज वेगळे काढले : संगमावर कायम राहणारे शेतकरी ते पाताराबुयेस, आणि हिवाळ्यात त्यांच्याकडे येऊन राहणारे माळावरचे शिकारी ते हुमानो.

२२/
केलीची मांडणी आजही सर्वांत उपयुक्त आहे, पण तिच्यातील रेषा जरा जास्तच सरळ आहे. एस्पेहोने दोघांना एकच मानले. मास्सानेत तर माळावर भेटलेल्यांची घरेच रिओ ग्रांदेकाठी असल्याचे सांगतो. जो समाज वर्षातले काही महिने एका टोकाला आणि काही महिने दुसऱ्या टोकाला असतो, लग्ने आणि देवघेव दोन्हीकडे करतो, चार भाषांत बोलणी करतो, त्याला ‘शेतकरी’ आणि ‘भटके’ या दोन कप्प्यांत टाकण्याचा आग्रह हा मुळात कप्पे करणाऱ्याचा आहे. स्पॅनिश कारकुनाला प्रत्येक जमातीपुढे एक गाव लिहायचे असे. विसाव्या शतकातील मानववंशशास्त्रज्ञाला एक भाषाकुळ लिहायचे असे. हुमानोंपाशी लिहिण्याजोगी होती ती एक वाट, आणि तिच्यासाठी दोघांच्याही तक्त्यात रकाना नव्हता.

२३/
१८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने रिओ ग्रांदे ही अमेरिका आणि मेक्सिको यांमधील सीमा ठरली. संगमाचे दोन काठ दोन देशांत गेले. आजही पश्चिम टेक्सास आणि चिवावामधील काही कुटुंबे स्वतःला हुमानोंचे वंशज मानतात. त्यांनी संघटनाही उभारली असून तिच्या नावात हुमानो हा शब्द मिरवला जातो. प्रेसिदिओ आणि ओहिनागा यांच्यामध्ये नदीवर पूल आहे. पलीकडच्या नातेवाइकांना भेटायला जाणारे लोक त्या पुलावर कागदपत्रे हातात धरून रांगेत उभे असतात.